चित्रकार, शोधप्रवासी आणि घोडेस्वार: हे सगळे फॉन रोसेन एकाच घरचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रश्नकर्त्याने गेऑर्ग फॉन रोसेन या चित्रकाराची चित्रं पाहिली. पुढे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या मोहिमांबद्दल वाचताना एरिक फॉन रोसेन भेटले, आणि ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीच्या पदकयादीत तर हे आडनाव तीन-चारदा दिसलं. हे सगळे एकाच घराण्यातले का? आणि असतील तर कला, साहस, घोडेस्वारी ही 'रक्तात' असते असं म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं माझ्या मते नाही. बरीच वर्षं लोकांच्या वंशावळी जुळवून देण्याचं काम केल्यावर एवढं नक्की सांगू शकतो की 'रक्तात आहे' असं म्हटलं की तपास तिथेच थांबतो. पिढ्यान् पिढ्या जे पुढे जातं ते बहुतेक वेळा कागदावर सापडतं: पलटणीतली जागा, दरबारातला हुद्दा, जमीनजुमला आणि सोयरीक. फॉन रोसेन हे त्याचं फार चांगलं उदाहरण आहे.

आधी नात्याचं बघू. आडनाव एक म्हणजे घर एक, हा समज सोडून द्या. प्रत्येक शिंदे ग्वाल्हेरचा नसतो, तसंच हे. रोसेन घराणं मूळचं लिव्होनियातलं, म्हणजे आजच्या लाटव्हिया-एस्टोनियाच्या पट्ट्यातलं, जर्मन भाषक. त्याच्या फांद्या स्वीडन, रशिया, फ्रान्स अशा जिथे नोकरी मिळाली तिथे गेल्या. १६८९ मध्ये आयर्लंडमधल्या डेरीच्या वेढ्यात सेनापती असलेले आणि पुढे फ्रान्सचे मार्शल झालेले कॉनराड द रोसेन, रशियातल्या १८२५ च्या बंडात सामील होऊन सैबेरियात शिक्षा भोगलेले आंद्रेई रोझेन, १९०५ मध्ये पोर्ट्समथला जपानशी तहाची बोलणी करायला बसलेले रशियन राजदूत रोमान रोझेन, हे सगळे लिव्होनियाकडच्या रोसेनांपैकीच. पण स्वीडनच्या चित्रकाराशी त्यांचं नातं सांगायचं तर कित्येक पिढ्या मागे जावं लागेल. शिवाय 'फॉन' नसलेलं नुसतं रोझेन हे आडनाव युरोपभर ज्यू कुटुंबांतही आहे. त्याचा इथे काही संबंध नाही.

तुमच्या यादीतली माणसं स्वीडनच्या काउंट घराण्यातली. गुस्ताफ फ्रेडरिक फॉन रोसेन हे स्वीडनच्या बाराव्या चार्ल्स राजाबरोबर, पोल्ताव्याला रशियाकडून झालेल्या पराभवानंतर, तुर्की मुलखात बेंडरला राहिलेले सरदार. त्यांना १७५१ मध्ये काउंटपदाची सनद मिळाली. हे साल लक्षात ठेवा. स्वीडनमध्ये १८०९ ची राज्यघटना आल्यानंतर ज्यांना उमरावकी मिळाली त्यांच्यात घरातला एकटा कर्ता पुरुष उमराव ठरायचा. त्याआधीच्या सनदांत मात्र सगळी मुलं, त्यांची मुलं, सगळेच काउंट. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्टॉकहोमात एकाच वेळी डझनभर 'काउंट फॉन रोसेन' वावरत होते. त्यात नावं ठेवण्याची हौस मर्यादित: राइनहोल्ड, कार्ल गुस्ताफ, अॅडॉल्फ, पुन्हा राइनहोल्ड. जुन्या वर्तमानपत्रात 'काउंट फॉन रोसेन यांनी शर्यत जिंकली' असं छापलेलं असतं, आणि मग तीन वेगवेगळ्या माणसांची कामगिरी एकाच्या खात्यावर जमा होते. इंटरनेटवरच्या वंशवृक्षांत हा घोळ सर्रास दिसतो.

तो टाळायचा तर रिद्दारहूसेटपासून सुरुवात करा. हे स्टॉकहोममधलं उमरावांचं सभागृह. तिथे नोंद झालेल्या प्रत्येक घराण्याला क्रमांक आहे. त्यावर आधारलेले गुस्ताफ एल्गेनशेर्ना यांचे वंशावळीचे नऊ खंड १९२५ ते १९३६ या काळात छापले गेले. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांची आठवण व्हावी असं काम आहे, फक्त तारखांच्या बाबतीत जास्त कडक. त्यावर शंका आली तर चर्चच्या घरोघरच्या परीक्षेच्या वह्या आहेतच. १६८६ च्या कायद्यापासून पाद्र्याला घरोघरी जाऊन कोणाला धर्मग्रंथ वाचता येतो याची नोंद ठेवावी लागे, आणि त्या निमित्ताने घरात कोण राहतं, कुठून आलं, कुठे गेलं हे सगळं उतरून राहिलं. आपल्याकडे इतकं सलग दप्तर मिळणं म्हणजे चैनच.

आता माणसांकडे येऊ.

गेऑर्ग फॉन रोसेन १८४३ मध्ये पॅरिसमध्ये जन्मले. वडील अॅडॉल्फ युजीन हे नौदलाचे अधिकारी, पण त्यांचं नाव राहिलं ते रेल्वेमुळे. स्वीडनमध्ये रेल्वे बांधण्याचा परवाना त्यांनी १८४५ मध्ये मिळवला. भांडवल काही उभं राहिलं नाही आणि मुख्य मार्ग शेवटी सरकारने बांधले, पण स्वीडिश रेल्वेचे जनक म्हणून मान त्यांनाच मिळतो. आई ग्रीक, रिझो-रांगाबे या नामवंत घराण्यातली. म्हणजे ज्या चित्रकाराला पुढे स्वीडनच्या इतिहासाचा चित्रकार म्हणून ओळखलं गेलं, त्याचं बालपण बऱ्यापैकी बिनस्वीडिश होतं.

त्यांचं १८७१ चं चित्र तुम्ही पाहिलं असणार. मध्ये राजा चौदावा एरिक. एका बाजूला त्याची प्रेयसी कारिन मोन्सडॉटर, सामान्य शिपायाच्या घरातून आलेली. दुसऱ्या बाजूला सल्लागार योरान पेर्सोन, मृत्युदंडाचा कागद पुढे करून सही मागतोय. राजा मधल्या मध्ये अडकलेला. चित्रासमोर उभं राहिलात की प्रथम चेहरे बघू नका, हात बघा. कोण कोणाला धरतंय, कोण काय पुढे सरकवतंय, एवढ्यावरून सगळी गोष्ट कळते. ऐतिहासिक पोशाखांची चित्रं मला एरवी नाटकमंडळीच्या फोटोंसारखी वाटतात, हे मात्र नाही.

पुढे ते राजेशाही कला अकादमीचे संचालक झाले, दोन वेळा. पहिल्या कारकिर्दीत, १८८५ मध्ये, अर्न्स्ट योसेफसोन, कार्ल लार्सन वगैरे तरुण चित्रकारांनी अकादमीत सुधारणा हव्यात म्हणून अर्ज दिला आणि अकादमीने तो धुडकावला. कलेच्या इतिहासात ही मुलं 'विरोधक' या नावाने अमर झाली आणि गेऑर्ग खलनायक ठरले. तो न्याय पुरता बरोबर नाही, पण खुर्चीवर ते बसले होते हे खरंच.

तुमच्या प्रश्नाचा दुवा आहे तो त्यानंतरच्या वर्षातल्या चित्रात. १८८६ मध्ये त्यांनी शोधप्रवासी अॅडॉल्फ एरिक नॉर्डेनशोल्ड यांचं पूर्णाकृती चित्र रंगवलं. नॉर्डेनशोल्ड बर्फावर उभे आहेत, मागे त्यांचं जहाज 'वेगा'. युरोपच्या उत्तरेकडून आशियाला वळसा घालून पॅसिफिकमध्ये उतरणारी ईशान्य वाट पहिल्यांदा पार केली ती याच जहाजाने. सप्टेंबर १८७८ मध्ये बेरिंग सामुद्रधुनीच्या अगदी तोंडाशी येऊन ते बर्फात अडकलं आणि पुढच्या जुलैत सुटलं. आणखी थोडे दिवस पाणी मोकळं राहिलं असतं तर एकाच मोसमात काम झालं असतं. गेऑर्ग स्वतः त्या मोहिमेवर नव्हते. शोधप्रवाशाची जी प्रतिमा स्वीडिश मनात ठसली ती मात्र स्टुडिओत बसून त्यांनी बनवली.

आणि आता सोयरीक नसलेला, पण सोयरिकीइतकाच घट्ट धागा. या नॉर्डेनशोल्डांचा मुलगा एरलांड १९०१ मध्ये अर्जेंटिना-बोलिव्हियाच्या सीमेकडे मोहीम घेऊन निघाला, आणि त्याच्या तुकडीत होता एरिक फॉन रोसेन. दोघंही पंचविशीच्या आतले. बाप ज्या घराण्यातल्या चित्रकारासमोर उभा राहिला, त्याच घराण्यातला मुलगा त्याच्या मुलाबरोबर आन्डिजमध्ये. यात रक्ताचा काय संबंध? स्टॉकहोमातलं ते वर्तुळच इतकं लहान होतं की कोणीही उठून कुठेही जायचं म्हटलं तर बरोबर ओळखीचाच निघायचा. चाको प्रदेशातल्या चोरोटे लोकांमध्ये एरिक राहिले, अर्जेंटिनातल्या हुहुईच्या उंच पठारावर कासाबिंदोजवळ जुन्या वस्त्या आणि थडगी तपासली. १९११-१२ मध्ये ते पुन्हा निघाले, या वेळी आफ्रिकेत, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्रीस यांच्याबरोबर. आजच्या झांबियातल्या बांगवेउलू सरोवराच्या दलदलीत राहणाऱ्या बाट्वा लोकांवर त्यांनी सविस्तर लिहिलं. त्या काळच्या युरोपियन माणसाचा चष्मा त्या लिखाणाला आहेच, तरी वस्तूंची आणि घरबांधणीची वर्णनं आजही कामाची आहेत.

एरिकना ही ओढ कुठून लागली असेल? इथे मी लोकांना नेहमी सांगतो तेच सांगेन: आईकडची बाजू उघडा. आडनावाच्या मागे लागलेला माणूस फक्त बापाची रेघ ओढत जातो आणि निम्मी माहिती वाटेत सांडते. एरिकची आई एला कार्लटन मूर, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कागद कारखानदाराची मुलगी. मामा क्लॅरेन्स ब्लूमफील्ड मूर हे पुरातत्त्वज्ञ. 'गोफर' नावाची स्वतःची वाफेची बोट घेऊन ते अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या नद्यांच्या काठचे मूळ रहिवाशांचे टेकाड-ढिगारे वर्षानुवर्षं खणत हिंडले. आजी क्लारा तर स्वतंत्र प्रकरणच. जॉन कीली नावाच्या एका गृहस्थाने हवेतून-पाण्यातून अफाट शक्ती काढणारं यंत्र केल्याचा दावा केला होता. या बाईंनी त्याला वर्षानुवर्षं पैसा पुरवला. १८९८ मध्ये कीली वारला, तेव्हा मामांनीच त्याची जागा ताब्यात घेऊन तपासणी करवली. तळघरात लोखंडाचा एक अवाढव्य गोळा निघाला. दाबलेली हवा साठवायची टाकी ती, असा तपासणाऱ्यांचा निष्कर्ष. सांगायचं काय, तर पैसा, खणण्याची आवड आणि अचाट गोष्टींवर विश्वास, तिन्ही गोष्टी एरिकना आजोळाहून मिळालेल्या दिसतात. फॉन रोसेन हे आडनाव त्यावर नुसतं चिकटलेलं आहे.

एरिकबद्दल पुढचं सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. ६ मार्च १९१८ रोजी ते एका विमानात प्रवासी म्हणून बसून फिनलंडच्या वासा गावी उतरले. तिथे यादवी युद्ध चालू होतं. हे विमान त्यांनी 'पांढऱ्या', म्हणजे समाजवादी 'लाल' गटाविरुद्ध लढणाऱ्या, बाजूला भेट दिलं. त्याच्या पंखांवर निळं स्वस्तिक रंगवलेलं होतं. हे चिन्ह त्यांनी शाळकरी वयात गोटलांड बेटावरच्या जुन्या कोरीव दगडांवर पाहिलं होतं आणि शुभचिन्ह म्हणून ते वापरायचे, आपण उंबऱ्यावर काढतो त्याच भावनेने म्हणा ना. फिनलंडच्या हवाई दलाने तेच चिन्ह उचललं आणि १९४५ पर्यंत ठेवलं. तेव्हा हिटलरचा पक्ष जन्मालाही आला नव्हता. त्यामुळे '१९१८ चं स्वस्तिक म्हणजे नाझी' हे चूक.

पण म्हणून एरिक निर्दोष सुटत नाहीत. १९२० च्या सुमारास एका हिवाळ्यात स्टॉकहोमहून घरी जायला गाडी मिळेना म्हणून त्यांनी एक जर्मन वैमानिक भाड्याने ठरवला. हिमवादळातून वाट काढत तो बोवेन तलावाच्या गोठलेल्या पाण्यावर, रॉकेलस्टाड गढीच्या पायथ्याशी उतरला. वैमानिकाचं नाव हेरमान गोअरिंग, पुढे हिटलरचा बडा साथीदार झालेला. त्या मुक्कामात त्याला भेटली एरिकच्या बायकोची बहीण कारिन. ती विवाहित होती, घटस्फोट घेऊन १९२३ मध्ये तिने गोअरिंगशी लग्न केलं. म्हणजे एरिक आणि गोअरिंग साडू. १९३० च्या दशकात एरिक स्वीडनमधल्या नाझी राजकारणात उघडपणे सामील झाले. चिन्ह आधीचं, राजकारण नंतरचं. दोन्ही नोंदी लिहायच्या, आणि एकीने दुसरी पुसायची नाही.

घोडेस्वारीचा भाग आपल्या वाचकांना सगळ्यात कमी माहीत असतो, आणि मला विचाराल तर 'रक्ता'चा प्रश्न तिथेच निकालात निघतो. एरिकचे थोरले भाऊ क्लॅरेन्स हे घोडदळातले अधिकारी, पुढे राजाच्या पागेचे प्रमुख, आणि १९०० पासून १९४८ पर्यंत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य. ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीच्या शर्यती हव्यात हा प्रस्ताव त्यांनी लावून धरला. १९०८ ला लंडनमध्ये व्हायच्या होत्या, त्या बारगळल्या. मग १९१२ ला स्टॉकहोममध्ये झाल्या: १० देश, ६२ स्वार. ड्रेसाज, इव्हेंटिंग आणि शो जंपिंग ही आजही चालणारी त्रयी तिथेच पहिल्यांदा एकत्र आली. ड्रेसाज म्हणजे स्वाराच्या अगदी बारीक इशाऱ्यावर घोड्याने आखीव चाली करून दाखवणं. शो जंपिंग म्हणजे अडथळ्यांवरून उड्या. इव्हेंटिंग म्हणजे ड्रेसाज, मैदानी दौड आणि उड्या असं सगळं मिळून; त्याला तेव्हा सरळ 'मिलिटरी' म्हणत, आणि नावातच सगळं आलं. पाचपैकी चार सुवर्णपदकं स्वीडनने घेतली. सांघिक शो जंपिंगमध्ये हान्स फॉन रोसेन होते, घोडा लॉर्ड आयर्न. १९२० मध्ये त्यांनी पुन्हा सांघिक सुवर्ण आणि ड्रेसाजमध्ये वैयक्तिक कांस्य मिळवलं. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये क्लॅरेन्स यांचा मुलगा, धाकटा क्लॅरेन्स, दोन वैयक्तिक कांस्यपदकं घेऊन आला: एम्पायर घोड्यावर शो जंपिंगमध्ये आणि सनीसाइड मेड घोडीवर इव्हेंटिंगमध्ये. शो जंपिंगच्या त्या शर्यतीत सुवर्ण मिळवणारे जपानचे ताकेइची निशी. ते पुढे दुसऱ्या महायुद्धात इवो जिमाच्या लढाईत मरण पावले. धाकटा क्लॅरेन्स तर पुढच्याच वर्षी, तिशीत वारला.

आता हे पाहा. त्या काळात ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत उतरायला बहुतेक सैन्याचा अधिकारी असणं लागे. अधिकारी कोण होई? घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये ज्याची घोडा पोसायची ऐपत आणि घराण्याची ओळख तो. १९१२ च्या स्वीडिश चमूची नावं वाचली तर उमरावांच्या सभागृहाची हजेरी वाचल्यासारखं वाटतं: लेवेनहाउप्ट, बोंडे, रोसेनक्रान्त्स, फॉन ब्लिक्सेन-फिनेके. या ब्लिक्सेनांचंही असंच आहे. १९१२ चे कांस्यविजेते हान्स, त्यांचा जुळा भाऊ ब्रोर आफ्रिकेतला शिकारी, त्याची बायको लेखिका कारेन ब्लिक्सेन, आणि हान्सचा मुलगा १९५२ चा इव्हेंटिंगचा सुवर्णविजेता. फॉन रोसेनांचं रक्त खास असतं तर ब्लिक्सेनांकडे तेच सगळं कसं?

नियम किती कडक होता ते १९४८ च्या एका प्रसंगावरून कळतं. लंडनला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण स्वीडनने जिंकलं. चमूतला गेहनेल पेर्सोन हा मुळात सार्जंट. स्पर्धेपुरती त्याला लेफ्टनंटची बढती दिली होती, आणि स्पर्धा संपल्यावर तो पुन्हा सार्जंट. हे उघडकीला आलं आणि १९४९ मध्ये पदक काढून घेण्यात आलं. घोडा तोच, स्वार तोच, गुण तेच. खांद्यावरची फीत तेवढी चुकीची. १९५२ ला नियम बदलला आणि पेर्सोनसह त्याच तिघांनी हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण घेतलं.

थोरल्या क्लॅरेन्सचं नाव फुटबॉलमध्येही होतं. स्वीडिश फुटबॉल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष, आणि विजेत्यांना मिळणारा चषक दशकानुदशकं त्यांच्या नावाने दिला जाई. त्यांची नाझींबद्दलची सहानुभूती चर्चेत आली आणि २००१ पासून त्या जागी दुसरा चषक आला.

पुढच्या पिढीत एरिकचा एक मुलगा ब्योर्न चित्रकार आणि लेखक झाला, कुत्र्यांचा जाणकारही. दुसरा कार्ल गुस्ताफ वैमानिक. हा पठ्ठ्या बापाच्या अगदी उलट दिशेला गेला. १९३५-३६ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा त्याने तिथे रुग्णवाहक विमानं चालवली, सोव्हिएत संघाविरुद्धच्या हिवाळी युद्धात फिनलंडकडून उडाला, महायुद्धानंतर इथिओपियाचं हवाई दल उभं करायला गेला. १९६९ मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या बाजूने छोटी शिकाऊ विमानं रॉकेट बसवून वापरली, आणि १९७७ मध्ये इथिओपिया-सोमालियामधल्या ओगादेनच्या युद्धात गोदे इथे मारला गेला. गोअरिंगच्या बायकोचा हा सख्खा भाचा. एकाच घरात, एकाच पिढीच्या अंतराने एवढा उलटा प्रवास झालेला दिसल्यावर 'घराण्याचा स्वभाव' वगैरे शब्द मी तरी जपून वापरतो.

तुम्ही वंशवृक्ष काढणार असाल तर एवढं करा. गेऑर्ग, क्लॅरेन्स-एरिक आणि हान्स यांना एकाच सनदेखाली ठेवा, पण वेगळ्या ओळींत, आणि मधली प्रत्येक पिढी एल्गेनशेर्नात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय रेघ जोडू नका. स्त्रियांसाठी वेगळा रकाना करा: माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, दोन्ही. माउड फॉन रोसेन यांची नोंदही त्याच रकान्यातून तपासून घ्या. १९७२ ला म्युनिकमध्ये ड्रेसाजचं सांघिक कांस्य स्वीडनला मिळालं त्या चमूत त्या होत्या. बाकी दोघी उल्ला होकान्सोन आणि निना स्वाब. तिघीही स्त्रिया, आणि त्याच्या वीस वर्षं आधीपर्यंत या खेळात ऑलिम्पिकला स्त्रियांना प्रवेशच नव्हता.